रंगायतनावरचं नाव रोजचं, पण गडकरी कोण? प्रेमाच्या नाना तऱ्हा रंगभूमीवर आणणाऱ्या नाटककाराची गोष्ट

भिवंडी : ठाण्याला गडकरीला नाटक लागलंय, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. भिवंडी तालुक्यातून काल्हेर, कशेळी, बाळकूम करत ठाण्यात शिरलं की मासुंदा तलावाच्या काठावर राम गणेश गडकरी रंगायतन उभं आहे. १९७८ साली ते सुरू झालं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या लोकांच्या तोंडात हे नाव बसलं. पण ते नाव ज्यांचं, ते राम गणेश गडकरी कोण होते, त्यांनी लिहिलं काय, हे विचारलं तर बरेच जण 'एकच प्याला' एवढंच सांगून थांबतात. २३ जानेवारी हा गडकरींचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने या माणसाची आणि त्याच्या नाटकांची ही ओळख.

गडकरींना प्रेमाचे शाहीर म्हणतात. नाव ऐकून वाटतं, बागेतली भेट, चोरून चिठ्ठी, शेवटी लग्नाची सनई, असंच काहीतरी लिहिलं असेल. तसं नाही. गडकरींच्या नाटकांत प्रेम एका जातीचं नाही. विधवेवरचं प्रेम आहे, दारुड्या नवऱ्यावरचं प्रेम आहे, नकार पचवता न आलेल्या माणसाचं सुडात बदललेलं प्रेम आहे, आणि ज्याला आपण बाप-भाऊ मानावं त्याच्याच मनात उगवलेलं चुकीचं प्रेमसुद्धा आहे. आणि त्या प्रेमाची किंमत कोण भरतं, हे बघायला गेलं तर बहुतेक वेळा बाईच भरते. शंभर वर्षं झाली तरी ही नाटकं जुनी वाटत नाहीत ती यामुळे.

नवसारीचा मुलगा

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधल्या नवसारीला झाला. घर मराठी, पण आजूबाजूला सगळी गुजराती. पहिलं शिक्षणही गुजरातीतूनच. ज्या माणसाच्या मराठीवर पुढे अख्खा महाराष्ट्र भुलला, त्याची शाळेची सुरुवात मराठीत झालीच नव्हती. वय आठ वर्षांचं असताना वडील वारले. पुढे कुटुंब पुण्याला आलं. तिथे त्यांनी मराठीवर अशी मेहनत घेतली की शब्द त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहू लागले. मॅट्रिक झाले, फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं, पण कॉलेजचं शिक्षण पुरं झालं नाही. पोट भरायचं होतं आणि मन नाटकात अडकलं होतं.

त्या काळी किर्लोस्कर नाटक मंडळीचा मोठा दबदबा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं होतं. 'सौभद्र' म्हणजे अर्जुन आणि सुभद्रेची प्रेमकथा. घरचे ठरवतात दुर्योधन, मुलीच्या मनात अर्जुन, आणि मधे कृष्णाची खेळी. शेवट गोड. मराठी माणूस रंगभूमीवरचं प्रेम बघायला शिकला ते अशा नाटकांतून. गडकरींना याच मंडळीत काम मिळालं. नाटकात काम करणाऱ्या लहान पोरांना लिहायला-वाचायला शिकवायचं मास्तरकीचं काम. पगार बेताचा, पण रोज तालीम कानावर पडायची. कोणत्या वाक्याला प्रेक्षक हसतो, कुठे रडतो, कुठे जांभई देतो, हे ते तिथे राहून शिकले. कॉलेजात जे मिळालं नाही, ते मंडळीच्या बिऱ्हाडात मिळालं.

विनोदी लेखक आणि नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना गडकरी गुरू मानत. कविता त्यांनी गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या, विनोदी लेख बाळकराम या नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने. एकाच माणसाची तीन नावं, आणि तिन्ही गाजली. 'वाग्वैजयंती' हा त्यांचा कवितासंग्रह. त्यातली 'प्रेम आणि मरण' ही कविता आपल्या शेतकरी माणसाला लगेच कळण्यासारखी आहे. माळावरच्या एका झाडाचा जीव आकाशातल्या विजेवर जडतो. वेलींकडे ते बघतही नाही. शेवटी वीज भेटते, आणि झाड जळून जातं. वीज पडून जळालेलं झाड आपल्याकडे पावसाळ्यात दिसतं. गडकरींना त्यात एकतर्फी प्रेम दिसलं.

पहिलं नाटक : विधवेवरचं प्रेम

१९१२ साली 'प्रेमसंन्यास' आलं. यात जयंत आणि लीला यांचं प्रेम आहे. लीला बालविधवा. आजच्या पोरींना हा शब्दच कळायचा नाही. पाचव्या-सातव्या वर्षी लग्न, नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत तो गेलेला, आणि पुढचं सगळं आयुष्य कोनाड्यात. विधवेच्या लग्नाला कायद्याने १८५६ सालीच परवानगी मिळाली होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी लग्न केलं, त्याबद्दल समाजाचा रोष सोसला. म्हणजे कायदा होऊन पन्नास वर्षं उलटली तरी गावाची मान्यता नव्हती. गडकरींनी नेमकी हीच जागा धरली. दोघांची मनं जुळली आहेत, कुणाचं वाईट केलेलं नाही, तरी मधे भिंत आहे, आणि ती भिंत लोकांच्या जिभेची आहे. नाटकाचा शेवट दुःखाचा.

गंमत बघा, याच नाटकात त्यांनी गोकुळ नावाचा विसरभोळा नवरा घातला. प्रेक्षक पोट धरून हसायचे. बाजूला जीव जाणारं प्रेम आणि इकडे संसारातली गमतीची धुसफूस. रडवता रडवता हसवायचं, ही गडकरींची रीत इथूनच सुरू झाली.

नकार न पचलेला माणूस

१९१६ सालच्या 'पुण्यप्रभाव' नाटकात वसुंधरा ही पतिव्रता आहे. भूपाल तिचा नवरा. वृंदावनला ती हवी होती, मिळाली नाही, म्हणून तो सूड घ्यायला उठतो. तिला कैदेत टाकतो, तिच्या लहानग्याच्या जिवावर उठतो. वसुंधरा वाकत नाही. तिच्या निर्धारापुढे शेवटी वृंदावनच बदलतो.

हाच धागा त्यांनी 'भावबंधन'मध्ये जास्त खरा करून मांडला. लतिका श्रीमंताघरची, रूपाचा आणि बुद्धीचा तोरा असलेली मुलगी. घनश्याम तिच्या वडिलांच्या पदरचा कारकून, हुशार पण गरीब. तो तिला मागणी घालतो आणि ती त्याचा अपमान करते. इथून नाटक पेटतं. घनश्यामच्या हातात तिच्या वडिलांचं एक गुपित आहे. ते वापरून तो सगळ्या घराला नाचवतो. तिचं प्रभाकरवर प्रेम आहे, पण बापाची अब्रू वाचवायची तर घनश्यामला होकार द्यायचा, अशी वेळ तो तिच्यावर आणतो.

आज रोज बातम्या येतात. मुलीने नाही म्हटलं म्हणून ॲसिड टाकलं, फोटो फिरवले, रस्त्यात अडवलं. घनश्यामकडे मोबाईल नव्हता, पत्रं होती. बाकी प्रकार तोच. गडकरींनी घनश्यामला नुसता राक्षस केला नाही. त्याचा अपमान खरा आहे, त्याचं दुखणं प्रेक्षकाला कळतं. पण दुखणं खरं असलं म्हणून सूड खरा ठरत नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. आणि लतिकेलाही कळतं की नाही म्हणायचा हक्क आहे, पण गरिबाला तुच्छ लेखायचा नाही. या नाटकातल्या कामण्णाने आणि इंदू-बिंदू या जोडीने लोकांना किती हसवलं, ते जुन्या नाटकवेड्या माणसांना विचारावं.

'एकच प्याला' : एका घरात चार प्रेमं

आता ज्या नाटकामुळे गडकरींचं नाव घराघरात गेलं, त्याकडे येऊ. कथा सगळ्यांना ऐकून माहीत असते. सुधाकर हुशार वकील, सिंधू त्याची बायको. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते. अपमान डोक्यात बसतो. कारकून तळीराम त्याला सांगतो की एक घोट घेतला की सगळं विसरायला होतं. तिथून उतार लागतो. घर जातं, मान जातो, भांडीकुंडी जातात. सिंधू माहेरची मदत नाकारते, लोकांची दळणं दळून लेकराला जगवते. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून पोटचं पोर मरतं आणि सिंधूला जीवघेणा मार लागतो. पोलीस येतात तेव्हा ती नवऱ्याचं नाव घेत नाही, आपणच पडलो असं सांगते आणि जीव सोडते. सुधाकर शेवटचा प्याला विषाचा घेतो.

पण हे नाटक फक्त दारूचं नाही. नीट बघितलं तर यात प्रेमाच्या चार तऱ्हा शेजारी शेजारी उभ्या आहेत.

पहिली सिंधूची. नवरा कसाही असो, तो देव. तिच्या निष्ठेने प्रेक्षक रडले, आजही रडतात. इंग्रज नाटककार शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातली नायिकाही नवऱ्याच्या हातून मरताना त्यालाच पाठीशी घालते. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच नाटकावरून 'झुंजारराव' हे मराठी नाटक केलं होतं. म्हणजे ही बाई साता समुद्रापलीकडे होती, मराठीत होती आणि आपल्या गल्लीतही आहे.

दुसरी गीतेची. ही तळीरामाची बायको. तोही दारुडा. पण गीता गप्प बसणारी नाही. ती बोलते, भांडते, नवऱ्याच्या व्यसनापुढे मान तुकवत नाही. गडकरींनी सिंधूच्या शेजारी गीता का ठेवली, याचा विचार फार कमी लोक करतात. सिंधूची पूजा झाली, गीतेवर हशा झाला. पण जगली कोण? गीता. लेखकाने दोन्ही वाटा समोर मांडल्या आहेत, निवड प्रेक्षकाने करायची.

तिसरी शरदची आणि भगीरथची. शरद ही सुधाकरची बहीण, तीसुद्धा बालविधवा. भगीरथ प्रेमात मार खाऊन दारूकडे वळलेला, पण पुढे दारू सोडून चांगल्या कामाला लागलेला तरुण. बाटली सोडता येते, हे याच नाटकात भगीरथ दाखवून देतो. सुधाकरने एकदा सोडून पाहिली, पण लोकांनी दारात उभं केलं नाही आणि तो परत फिरला. भगीरथला मात्र हात देणारी माणसं भेटली. व्यसन सुटायला एकट्या माणसाची इच्छा पुरत नाही, भोवतीचे लोकही लागतात, हे यातून दिसतं.

चौथी तऱ्हा सगळ्यांत अवघड, रामलालची. रामलाल हा सुधाकरचा जिवलग मित्र, शरदचा जणू पालक. तिला शिकवतो, तिचं भलं बघतो. आणि मधेच त्याच्या लक्षात येतं की आपल्या मनात तिच्याबद्दल वेगळंच काही उगवलंय. भगीरथबद्दल त्याला असूया वाटू लागते. वयाने, मानाने मोठा, सगळे ज्याला सज्जन म्हणतात असा माणूस स्वतःच्या मनातला चोर पकडतो आणि स्वतःला आवरतो. या प्रकारावर आजही घरात कुणी उघड बोलत नाही. गडकरींनी तो शंभर वर्षांपूर्वी भरल्या थिएटरात बोलून दाखवला.

पडदा उघडला, लेखक नव्हता

गडकरींना क्षय झाला होता. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. हवापालट आणि देवाचं नाव, एवढंच. शेवटच्या दिवसांत ते नागपूरजवळ सावनेरला होते. अंगात ताप आणि खोकला, तरी लिहिणं चालू. 'भावबंधन' त्यांनी याच आजारपणात पुरं केलं. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरलाच त्यांचं निधन झालं. आयुष्य अवघं ३३ वर्षांचं. प्रेमावर एवढं लिहिलेल्या या माणसाला संसाराचं सुख मात्र फारसं लाभलं नाही.

त्यानंतर बरोबर २८ दिवसांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. सिंधूचं काम बालगंधर्वांनी केलं, सुधाकरचं गणपतराव बोडसांनी. नाटकातली पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. शालू-पैठणी आणि दागिन्यांतल्या नायिका करणारे बालगंधर्व दळण दळणारी गरीब सिंधू झाले, आणि प्रेक्षकांतली मोठी मोठी माणसं डोळे पुसत बाहेर पडली. त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने 'भावबंधन' केलं. लतिका झाले मास्टर दीनानाथ मंगेशकर, म्हणजे लता मंगेशकरांचे वडील, आणि घनश्याम झाले चिंतामणराव कोल्हटकर. तेव्हा स्त्रियांची कामं पुरुषच करत. बाईचं दुःख पुरुषाने लिहिलं, पुरुषाने रंगवलं आणि बघायला बसलेल्यांतही पुरुषच जास्त. कदाचित म्हणूनच सिंधू एवढी देवी झाली. तिच्या जागी खरी बाई बोलली असती तर काय बोलली असती, हा प्रश्न उरतोच.

वादही झाला

गडकरींचं एक नाटक अपुरं राहिलं, 'राजसंन्यास'. ते छत्रपती संभाजी महाराजांवर आहे. महाराज प्रेमात आणि विलासात गुंतून राज्याकडे दुर्लक्ष करतात, असं त्यात रंगवलं आहे. त्या काळात जुन्या बखरींवर भिस्त ठेवून तसंच लिहिलं जात होतं. पुढे वा. सी. बेंद्रे, डॉ. कमल गोखले यांच्या संशोधनाने महाराजांचं पराक्रमी आणि विद्वान रूप पुराव्यांनिशी समोर आलं आणि ते जुनं चित्र मागे पडलं. या नाटकाचा राग म्हणून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. राज्यभर त्यावर वाद पेटला. हेही गडकरींच्या गोष्टीचा भाग आहे, ते झाकून चालणार नाही. अपुऱ्या नाटकातलं चित्र चुकीचं होतं, आणि पुऱ्या झालेल्या चार नाटकांनी मराठी माणसाला आरसा दाखवला. दोन्ही खरं आहे.

आजच्या गावात सिंधू आणि गीता

बालविधवा आज राहिली नाही, पण सिंधू राहिली आहे. सकाळी कामावर जाणारी, दुपारी शेतात राबणारी, रात्री दारात डोळे लावून बसणारी बाई कुठल्या पाड्यावर नाही? गोदामात किंवा लूमवर घाम गाळून मिळालेला आठवड्याचा पगार शनिवारी रात्रीच संपवणारे सुधाकर आहेत. दोस्ताला पहिला ग्लास हातात देणारे तळीराम तर नाक्यानाक्यावर आहेत. खाडीकाठच्या हातभट्ट्यांवर धाड पडते, चार दिवसांनी भट्टी पुन्हा पेटते.

फरक एवढा की आजच्या सिंधूला पोलिसांपुढे खोटं बोलायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध दाद मागता येते, राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. आणि गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे मतदान घेता येतं. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. राज्यात अनेक गावांतल्या बायांनी हे करून दाखवलं आहे. त्या सगळ्या गीतेच्या वाटेने गेल्या.

आपल्याकडे जत्रेला, गणपतीला, हनुमान जयंतीला गावकी नाटक करते. गडकरींच्या नाटकांवर आता कुणाचे हक्क उरलेले नाहीत, त्यामुळे परवानगीचा किंवा मानधनाचा प्रश्न येत नाही. भाषा जड आहे, वाक्यं लांब आहेत, पदंही अवघड. पण एखाद्या मंडळाने 'एकच प्याला'तले चार-पाच प्रवेश निवडले, भाषा थोडी सोपी केली, तर दीड तासाचा प्रयोग सहज होईल. फक्त एक करावं. निवडताना सिंधूबरोबर गीतेचेही प्रवेश घ्यावेत. आणि या वेळी तिचं काम गावातल्याच एखाद्या मुलीला द्यावं.